सोळा फोटोंचा डबा

५ नोव्हेंबर १९७९

फिल्म विकणाऱ्या एजंटाने ही डायरी फुकट दिली. मागच्या वर्षीची आहे, एकही वार जुळत नाही. तरी लिहायला घेतली, कारण बोलायला माणूस उरला नाही. घरी माझी बायको शामला म्हणते, कॅमेरा सोडून दुसरं काही असेल तर सांगा. स्टुडिओत माझा थोरला भाऊ कवडूदादा असतो, पण निगेटिव्हवर पेन्सिल चालत असताना कोणी बोललेलं त्याला खपत नाही.

आज सीताबर्डीवर बाबूलालच्या दुकानात गेलो होतो. वाटेत मनोहररावचा नवा रंगीत स्टुडिओ लागतो. काचेचं दार, आत गार हवा, बाहेर नवरानवरीचा दाराएवढा रंगीत फोटो. नवरीचा चेहरा टमाट्यासारखा आलाय, पण लोक थांबून थांबून बघतात. मीही थांबलो. मग स्वतःचाच राग आला आणि पुढे निघालो.

बाबूलालकडे माझ्या कॅमेऱ्याला बसेल असा नवा डबा आलाय. डबा म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला लागतो तो. फिल्म त्यातच असते. माझ्या जुन्या डब्यात एका रोलचे बारा फोटो निघतात, नव्यात सोळा. जुन्यात फिल्मपुढचा पत्रा काढायला विसरलं तरी बटण दबतं, खाडकन आवाजही येतो आणि फिल्म मात्र कोरी राहते. उमरेडच्या लग्नात माझं तेच झालं. अंतरपाट दूर झाला, हार पडले, मी ऐटीत बटण दाबलं आणि पत्रा आतच. नवरीच्या बापाने साऱ्या उमरेडात माझी शोभा केली. नव्या डब्यात पत्रा आत असेल तर बटण दबतच नाही. माणूस विसरला तरी यंत्र विसरत नाही. मला हे फार आवडलं, कारण माझ्याभोवती सगळी विसरणारीच माणसं आहेत.

बाबूलाल म्हणाला, "शालिकरामजी, महिना भर वापरून देखो. नहीं जमा तो वापस."

महिनाभर वापरून बघायला काय हरकत आहे? पण घाई करायची नाही. नीट तोलूनच घ्यायचं.

९ नोव्हेंबर

चार दिवस डोक्यात डबाच आहे. सोळा चांगले की बारा? बाराच्या डब्यात चौकट चौरस असते. सोळाच्यात ती आडवी आणि बुटकी. माझ्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागतं, त्यामुळे तो उभा-आडवा करायची सोय नाही. म्हणजे माणसाचा चेहरा त्या बुटक्या चौकटीत बसवायचा तर मला एक पाऊल मागे सरावं लागेल. एका पावलाने काय बिघडतं?

दादाला सांगितलं. तो खिडकीजवळच्या डेस्कवर बसला होता. डेस्कला काच, खाली आरसा, आरशातून उजेड वर येतो आणि काचेवरची निगेटिव्ह उजळते. देवीचे व्रण, मुरूम, डोळ्यांखालचं काळं, हे सगळं निगेटिव्हवर फिकं दिसतं. तिथे टोकदार पेन्सिलने इतकं बारीक भरायचं की छापल्यावर कातडी सारखी दिसावी आणि पेन्सिल दिसू नये. गोळीबार चौकापासून इतवारीपर्यंत ज्या पोरींची लग्नं जमली, त्यातली निम्मी दादाच्या पेन्सिलीने जमवली. आम्ही कोष्टी. तो मागावर बारीक सुताचं लुगडं विणत असे, तो डोळा आणि तो हात इथे कामी आला. माग बंद पडल्यावर मीच त्याला इथे आणला. तेव्हा काचेच्या प्लेटा होत्या, चेहरा तळहाताएवढा यायचा. आता रोलवर तो आठ आण्याच्या नाण्याएवढा येतो.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेहरा लहान होईल ना गा?"

"चार आण्याच्या नाण्याएवढा होईल. तुला भिंग आहे ना!"

तो थोडा वेळ पेन्सिल पॉलिश पेपरवर घासत राहिला. मग म्हणाला, "तू पाहून घे. तुले जमत असन तर घे."

नेहमीचंच. घरात नवं काही आणायचं म्हटलं की याचं तोंड पडतं. पुढे जायचं ते मी एकट्यानेच जायचं.

१४ नोव्हेंबर

डबा आणला. पहिला रोल टाकला. दांडी फिरवली की आकडा आपोआप एकावर येतो. पत्रा आत ठेवून मुद्दाम दहा वेळा बटण दाबून पाहिलं, दहाही वेळा दबलं नाही. शामलाला घरी नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "दबत नाही हे पाहून एवढे खूश झालेले तुम्हीच पाहिले."

एक गोष्ट लिहून ठेवतो. दादाची बायको, रुख्मिणीवहिनी, रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन येते. पूर्वी देऊन जायची. आता दादाचं जेवण होईपर्यंत थांबते, आणि नंतरही थांबते. दुकान म्हणजे घर नव्हे. पण थोरल्या भावाच्या बायकोला सांगायचं कसं?

२७ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. मुलगी दाखवायच्या फोटोंच्या दोन निगेटिव्हची दादाने वाट लावली. एका पोरीच्या ओठावर पेन्सिल गेली, छापल्यावर ओठ फाटल्यासारखा दिसतो. दुसरीच्या कपाळावर टिकलीशेजारी दुसरी पांढरी टिकली उमटली.

म्हटलं, "दादा, हे काय आहे?"

"फिल्म सरकून राहिली," तो म्हणाला. "नवी फिल्म लय गुळगुळीत हाय."

"फिल्म तीच आहे. डबा बदलला, फिल्म नाही."

 वहिनी ताट घासत होती, तिने मान वर केली. उठताना दादाने कोपराने हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्याचा, ट्रे पाडला. ट्रे दहा वर्षं त्याच जागी आहे. सगळी फरशी पुसत बसलो आणि मनात आलं, पन्नाशीतच याचं लक्ष उडालं. यंत्रांत केवढी सुधारणा होतेय, माणसांत एक पैशाची नाही.

१६ डिसेंबर

महिना झाला. बाबूलालला सांगून टाकलं, डबा परत येणार नाही.

कारण लिहून ठेवतो. गेले पंधरा दिवस फोटो असे येताहेत की माझेच मला ओळखू येत नाहीत. कातडी मऊ, गालावरची सावली पाण्यासारखी उतरलेली. इतवारीतल्या धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, कौसल्या, तिच्या डाव्या गालावर देवीचे खड्डे आहेत. पूर्वी दादा असे खड्डे बुजवायचा तेव्हा गाल पिठासारखा सपाट व्हायचा. आता खड्डे गेले, पण गाल गालच राहिला. मुलगी हसतेय आणि हसतानाची रेघही जागेवर आहे. पाहुण्यांनी फोटो पाहून होकार कळवला, आणि प्रत्यक्ष पाहिल्यावरही फिरवला नाही. मुलीची आई येऊन पेढे देऊन गेली. मला वाटतं नव्या डब्यात फिल्म जास्त ताणून बसते, सपाट राहते, त्यामुळे बारकावा येतो. कुठे लिहिलेलं नाही, पण मी अनुभवावरून सांगतो.

मनोहररावने आपला माणूस पाठवला होता. चहा पिता पिता त्याने हळूच विचारलं, "रिटचिंग कोण करून राहिलं सध्या?"

"माझा भाऊ, कवडू. पण खरी कमाल डब्याची आहे," मी म्हटलं आणि त्याच्या हातात डबा दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला. मनोहररावच्या पोटात दुखलं असेल, या विचाराने दिवसभर बरं वाटलं.

वहिनी आता अकरालाच येते आणि चारपर्यंत बसते. दादाला चिकटून, खिडकीच्या बाजूने. तिची सावली डेस्कवर पडत असणार. मी आत गेलो की दोघं बोलायचं थांबतात.

१४ जानेवारी १९८०

संक्रांत. दादाकडे गेलो होतो. शामलाने तिळगूळ पुढे केला. दादाने हात पुढे केला, पण लाडू हातात न पडता खाली पडला. शामला परत येताना म्हणाली, "दादांचं काहीतरी बिघडलंय. हात पुढे केला तो माझ्या हाताकडे नाही, बांगड्यांच्या आवाजाकडे."

म्हटलं, "तो विचारात होता."

"कसला विचार?"

"मला काय माहीत. मला कुठे कोणी काही सांगतं?"

एवढ्यावर तिने तोंड फिरवलं. सणाच्या दिवशी नाही ते काढायची तिला खोड आहे.

१६ फेब्रुवारी

आज सूर्यग्रहण. दुपारी रस्ते ओस पडले. सकाळी मोहल्ल्यातली अर्धी माणसं येऊन काळ्या निगेटिव्हचे तुकडे मागून गेली, सूर्य पाहायला. ज्यांनी वर्षभर दुकानाची पायरी चढली नाही तेही आले. मी एक तुकडा दादालाही दिला. तीनच्या पुढे उजेड कमी होऊ लागला, सांज झाल्यासारखा. आम्ही मागच्या अंगणात उभे होतो. मी फिल्म डोळ्यांसमोर धरून पाहत होतो. दादा वर तोंड करून उभा होता आणि फिल्म त्याच्या खिशातच होती.

"फिल्म लाव ना, डोळे जातील," मी ओरडलो.

तो म्हणाला, "शालिक, तुलेही अंधारून आल्यासारखं दिसून राहिलं का गा?"

"ग्रहण आहे. सगळ्यांनाच दिसणार."

"मंग बरं हाय," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

वहिनी आतून धावत आली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली. ग्रहणात बायका किती घाबरतात! शिकलेल्या माणसाच्या दुकानात बसूनही फरक पडला नाही.

२० फेब्रुवारी

शेवटी आज वहिनीला सांगितलंच. निमित्त झालं एका गिऱ्हाइकाचं. बायकोला घेऊन आला होता, म्हणाला, "इथे घरची मंडळी बसतात वाटतं. मनोहररावकडे कसं, सगळे पॅन्ट-शर्टवाले." मला ते झोंबलं. गिऱ्हाईक गेल्यावर आत गेलो.

म्हटलं, "वहिनी, राग मानू नका. डबा देऊन लगेच निघत जा. दुकानात बाई बसलेली गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही. आणि दादाच्या उजेडात तुम्ही बसता, त्याच्या कामाचा खोळंबा होतो."

दादा म्हणाला, "राहू दे ना गा तिले. तिचा काय तरास हाय?"

"तुझा वेळ जातो. लग्नसराई तोंडावर आली, रोलमागे चार फोटो जास्त निघताहेत, ते कोण करणार?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "असं म्हणता भाऊजी? बरं." मग मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. बोटं काळी होती, चुलीवरून तशीच उठून आली असावी. हात पुसून ती गेली. 

कटू बोलावं लागतं. दुकान चालवणाऱ्याच्या नशिबी ते असतंच.

४ मार्च

आमच्या वीणकर सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष धोंडबा पहाटे वारले. सकाळी त्यांचा मुलगा रामाजी स्वतः बोलवायला आला. त्यांचा सोसायटीच्या ग्रुपमधला सोडला तर एकही फोटो नाही, आणि तेरवीला सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा फोटो लावायचाय. धोंडबांना भिंतीला टेकवून बसवलं, पागोटं बांधलं, दोन्हीकडून दोघांनी धरलं. मी चार फोटो काढले. डबा सुरेख चालला.

डोळे अर्थात मिटलेले. असे डोळे दादा उघडतो. पांढऱ्या भागासाठी पेन्सिल, बुबुळासाठी पात्याच्या टोकाने खरवडायचं. गेलेला माणूस फोटोत आपल्याकडे बघायला लागतो. हे काम नागपुरात दुसऱ्या कोणाला इतकं येत नाही. धोंडबांनीच दादाला पहिल्यांदा मागावर बसवलं होतं, त्यामुळे त्यालाही जीव लावून करावंसं वाटेल.

दादा म्हणाला, "हे मी घरी नेऊन करतो."

"घरी आरसा नाही, डेस्क नाही. धोंडबांची निगेटिव्ह मी बाहेर जाऊ देणार नाही."

"घरी निवांत होते गा."

"इथे काय बाजार भरलाय?"

खरं सांगायचं तर आठवडाभर त्याचं काम पुन्हा बिघडलंय. सगळ्या चेहऱ्यांवर डाग. उन्हाळा लागला, पेन्सिल धरावी म्हणून निगेटिव्हवर लावायचं औषध चिकट होतं, त्याचा परिणाम असावा. डब्यात दोष नाही, मी तपासून पाहिलं.

१४ मार्च

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

तेरवी परवावर आली तरी दादाचं काम होत नव्हतं. मी रोज विचारायचो, तो रोज म्हणायचा, उद्या. आज दुपारी रामाजी आणि सोसायटीचे दोघे फोटो बघायला आले. दादाने निगेटिव्ह दिली. मी घाईत मोठा कागद छापला, लाल दिव्यात नीट पाहिलंही नाही, आणि ओला फोटो तसाच बाहेर आणला.

धोंडबांचा उजवा डोळा कपाळाकडे बघत होता. डावीकडे पातं इतकं खोल गेलं होतं की डोळ्याच्या जागी काळं भोक पडलं होतं. पेन्सिल गालावर घरंगळली होती. रामाजीने फोटो पाहिला आणि बापाचं नाव घेऊन मट्कन खाली बसला.

मी आत गेलो. दादा डेस्कसमोर उभा होता, हात टेबलाच्या कडेवर.

"काय केलंस हे?" मी ओरडलो. सगळ्यांना ऐकू जात होतं. "त्या माणसाने तुला हातात धोटा धरायला शिकवलं, आणि त्याचं तू हे केलंस? दारू पिऊन बसला होतास का?"

 दादा म्हणाला, "हो गा. घेतली होती थोडी."

बाहेरून रामाजी म्हणाला, "कवडूभाऊ अन् दारू?" पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी म्हटलं, उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस. दादाने भिंतीला हात लावत लावत चपला शोधल्या. एक चप्पल सापडली, दुसरी पायरीखाली गेली होती. ती त्याने शोधली नाही, तसाच गेला.

ज्याने आषाढीला कधी पान खाल्लं नाही तो दादा दारू प्यायला लागला. घरात कोणाला पत्ता नाही, मला एकट्यालाच कळलं. चिडू की रडू, काही सुचत नाही.

१५ मार्च

सकाळी दुकान उघडलं तर वहिनी पायरीवर बसली होती. हातात दादाची एकच चप्पल. दुसरी न्यायला आली होती. ती सापडल्यावर दोन्ही पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्या दादानं दारू नाही घेतली. त्यायले दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. दिवाळीपासून कमी झालं. संक्रांतीले डावा डोळा पुरा गेला. उजव्यानं सामोर तेवढं नळीतून पाहिल्यासारखं दिसते, बाजूचं काहीच नाही."

मी म्हटलं, "असं कसं? दिसत नाही तर एवढं काम... ती कौसल्या, ते सगळे फोटो..."

"मी करून राहिली होती."

"तुम्ही? तुमच्या हातात मी कधी पेन्सिल पाहिली नाही."

"तुम्ही आत आले की मी त्यायच्या हातात देत होती."

मी खुर्चीवर बसलो. ती उभीच होती. तिने सांगितलं, पहिले काही दिवस दादा शेजारी बसून शिकवायचा, कुठे भर, कुठे सोड. मग सांगायची गरज पडेनाशी झाली. ती चेहरा सपाट करायची नाही, कारण तिला तो तसा आवडायचा नाही, एवढंच. मी डब्यात फिल्म ताणून बसते म्हणून साऱ्या सीताबर्डीवर सांगत फिरलो, ते तिचं काम होतं.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यायनं शपथ घातली होती. म्हणत, शालिकले कळलं तर तो मले उठवन."

 उद्या तेरवी होती. लाज सोडून म्हटलं, धोंडबांची दुसरी निगेटिव्ह आहे, तेवढे डोळे करून द्या. ती डेस्कवर बसली. या वेळी मी बाजूला उभा राहून पाहिलं. बसलेला पूर्ण माणूस आलेला, म्हणून चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, त्यात डोळे. ती श्वास रोखून एक टिंब द्यायची, मान मागे घ्यायची, पुन्हा वाकायची. तीन तास झाले. छापला तेव्हा धोंडबा सोसायटीच्या हिशेबात चूक सापडल्यावर बघायचे तसे, जरा रागाने, समोर बघत होते. रामाजीने फोटो डोक्याला लावला आणि विचारलं, कोणी केलं? मी सांगितलं. वहिनीचंच नाव सांगितलं.

माझी आई दिवसभर मागाशेजारी बसून कांड्या भरायची, तुटलेला धागा जोडायची. तिच्याशिवाय बोटभर लुगडं विणलं जात नसे. पण लुगडं कोणी विणलं म्हणून विचारलं तर बापाचं नाव सांगायचे. तीही तेच सांगायची. मी जन्मापासून हेच पाहिलं, म्हणून दादाशेजारी बसलेली बाई मला नुसती बसलेलीच दिसली. माझ्यासारखा गाढव मीच.

ती हात धुवायला उठली तेव्हा बोटं पेन्सिलीने काळी होती. म्हटलं, "वहिनी, उद्यापासून या. डेस्क तुमचाच आहे."

ती म्हणाली, "तुमच्या दुकानात बाई बसलेली गिऱ्हाइकाले बरी दिसत नाही ना, भाऊजी." रागाने नाही म्हणाली, आठवण करून द्यावी तसं म्हणाली, आणि चपलांची पिशवी घेऊन गेली.

२ एप्रिल

दादाला धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी, वहिनी, दादा, तिघं. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येत नाही. दिवाळीत आला असता तर उरलेली राखता आली असती, थेंब घातले असते तरी पुष्कळ होतं. आता उजवा डोळाही सहा महिन्यांचा सोबती.

 घरी पोचल्यावर वहिनी आत गेली. मी दादाला म्हटलं, "तेव्हाच मला सांगायचं ना. मी तुला नेलं नसतं का?"

"नेलं असतं."

"मग?"

दादा खाटेवर बसला होता, तोंड माझ्याकडे पण जरा बाजूला. म्हणाला, "तू तवा डबा पाहून राहिला होता. बारावाला ठेवू का सोळावाला. कोणता काय करते, कोणता काय नाही करत. रोज तेच. मले वाटलं, मी सांगितलं तर तू मलेही तसाच पाहशीन."

मी म्हटलं, "मी तुझा भाऊ आहे गा."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच तुले ओळखतो."

  दादाचे डोळे काचबिंदूने घालवले, असं शामला म्हणते. पण माझ्या भीतीने तो पाच महिने डॉक्टरकडे गेला नाही, हे मला कळतं, आणि ते कोणाच्या समजावण्याने जात नाही.

२१ एप्रिल

रिटचिंगला माणूस मिळत नाही. दोघांना बसवून पाहिलं. एकाने नवरीला मिशी काढली. लग्नसराई डोक्यावर, आणि दाखवायच्या फोटोंची गिऱ्हाइकं फोटो पाहून परत करतात. कौसल्याच्या धाकट्या बहिणीचा फोटो तिची आई माझ्यासमोर टाकून गेली. म्हणाली, "मोठीच्या वेळचा हात कुठे गेला?"

तो हात कुठे गेला ते सगळ्या नागपूरला माहीत आहे. रामाजीने तेरवीला सांगितलं, तिथून ते मनोहररावच्या कानावर गेलं, आणि तो स्वतः वहिनीच्या दारात जाऊन तिला घेऊन गेला. मनोहरराव दुसऱ्या स्टुडिओंचंही रिटचिंग घेतो. शेवटी आज मी सोळा निगेटिव्ह पाकिटात घातल्या आणि सीताबर्डीला गेलो.

काचेचं दार ढकललं. डावीकडच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली वहिनी डेस्कवर वाकलेली होती. शेजारी स्टुलावर दादा. तो पॉलिश पेपरवर पेन्सिल घासत होता, टोक अंगठ्याने तपासून तिच्या उजव्या हाताशी ठेवत होता, आणि ती न पाहता उचलत होती. मनोहररावचं एक गिऱ्हाईक आत डोकावून म्हणालं, "हे बाबा इथे काहून बसले?" वहिनीने मान वर न करता सांगितलं, "यायच्याशिवाय काम नाही होत."

मी दारात उभा राहिलो.  दादाने हातातली पेन्सिल थांबवली आणि मान माझ्या बाजूला वळवली. त्याची नजर माझ्या खांद्यावरून दारावर गेली.

"कोण आलं वं?" त्याने विचारलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. चांगलं सावकाश पाहिलं, हातातलं पाकीटही पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली.

मी पाकीट टेबलावर ठेवलं, दादा आवाज ओळखेल म्हणून तोंडाने नाव सांगितलं नाही, आणि पावतीची वाट बघत उभा राहिलो.